माशांना रंग दिसतो म्हणे

रविवारी सकाळी बाबाच्या फोनवर मेसेज आला आणि त्याने फोन माझ्यासमोर धरला. "वाच. बारीक लिहिलंय."

बारीक नव्हतं लिहिलेलं. नेहमीच्याच अक्षरात होतं. मी वाचलं.

"बांधावर गळ टाकणाऱ्या सर्व सभासदांना विनंती. नारिंगी, पिवळा अशा भडक रंगाचा तंगूस वापरू नये. मासे बिचकतात व सर्वांचेच नुकसान होते. ज्येष्ठांनीही सहकार्य करावे."

खाली जोडलेले हात आणि त्याखाली अंगठेच अंगठे. प्रत्येक अंगठा बाबाच्या ओळखीचा.

तंगूस म्हणजे गळाला बांधतात ती नायलॉनची बारीक दोरी. बांध म्हणजे दादरची चौपाटी संपते तिथून समुद्रात गेलेली दगडांची रांग. आणि त्या बांधावर नारिंगी तंगूस वापरणारा माणूस एकच होता, बाबा, आणि तो ज्येष्ठही होता. नाव न घेता एका माणसाला हाकलायचं असेल तर असं लिहितात. मला हे कळतं, कारण मी असल्या मजकुरातच वाढले.

बाबा एका विमा कंपनीत कारकून होता आणि तिथल्या युनियनची पत्रकं लिहायचा. परळच्या आमच्या दोन खोल्यांत गादीखाली पत्रकं, माळ्यावर पत्रकं. माझ्या पुस्तकांना कव्हर पत्रकांची आणि डब्यातल्या पोळीखालीही पत्रकच. 'अननस' वाचायच्या आधी मी 'अन्याय' वाचला. वडिलांना अहो-जाहो करणं म्हणजे साहेबाची सवय घरात आणणं, असं त्याचं मत, म्हणून मी त्याला पहिल्यापासून 'तू' म्हणते. नातेवाईक अजून नाक मुरडतात.

निवृत्त झाल्यावर बाबाने गळ धरला. आईला वाटलं होतं चार दिवसांचं खूळ आहे. "आयुष्यभर माणसं गोळा केलीस, आता एकटा बसून मासे धरणार?" ती म्हणाली. पण बांधावर तो एकटा नव्हताच. तिथे सकाळी जमणारे दहा-बारा जण होते: कोणी बँकेतून निवृत्त, कोणी माटुंग्याच्या कॉलेजातला प्राध्यापक, एक चिंचपोकळीचा तरुण इंजिनियर, ज्याला ऑफिस दुपारचं असतं. प्रत्येकाचा दगड ठरलेला. बाबाचा दगड बांधाच्या टोकापासून जरा अलीकडे, डावीकडे उतार असलेला. परळहून सकाळची पहिली बस धरून तो तिथे जायचा. कोणाच्या गळाला मासा लागला की तो "वर!" म्हणून ओरडतो आणि शेजारचे आपापला तंगूस गुंडाळून वर घेतात, म्हणजे गुंता होत नाही. हा त्यांचा रिवाज. बाबाला हा रिवाज फार आवडायचा. "बघ," तो म्हणायचा, "एकाला लागलं की सगळे थांबतात. हे ऑफिसात आणायला मला तीस वर्षं पुरली नाहीत."

मग त्याच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. शीवच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, थेंब घालत राहा म्हणजे उरलेली टिकेल. घरात त्याचे खांदे भिंतीला आपटू लागले. बांधावर पाण्याच्या राखाडी रंगात पारदर्शक तंगूस त्याला दिसेना. दिसला नाही की तो कुठे वाहत गेला कळत नाही, ताणला की ढिला कळत नाही, मासा येऊन चारा खाऊन गेला तरी कळत नाही. म्हणून तो क्रॉफर्ड मार्केटजवळच्या दुकानात गेला आणि झेंडूच्या रंगाचा तंगूस घेऊन आला. तो त्याला दिसायचा. गळाजवळचा शेवटचा दोन हातांचा तुकडा त्याने पारदर्शकच ठेवला होता. म्हणजे माशाच्या तोंडासमोर जे यायचं ते इतरांसारखंच.

का बदलला, हे मात्र त्याने कोणाला सांगितलं नाही.

सुरुवातीला चेष्टा झाली. बांधावर एक टोपीवाले काका आहेत, बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते, त्यांची टोपी आणि त्यांची गळाची काठी दोन्ही परदेशातून आलेली. ते म्हणाले, "काय हो, लाल सोडून भगवा धरलात?"

"लाल पाण्यात लवकर काळा पडतो," बाबा म्हणाला. "तुमच्यासारखा बिनरंगाचा घ्यावा तर मग मी कोणत्या तोंडाने घरी जाऊ?"

सगळे हसले. तोवर ठीक होतं.

मग मासे कमी झाले. खरं तर ते आधीपासूनच कमी होत होते, पण त्या हिवाळ्यात अगदी नजरेत भरण्याइतके. किनाऱ्याला मशिनं लागलेली, भराव पडलेला, आणि बांधाच्या शेजारीच नाल्याचं तोंड. शहराची घाण तिथून काळी, फेसाळ समुद्रात उतरते, त्यात पिशव्या, चपला, निर्माल्य, थर्माकोल. त्या पाण्यात कोपरापर्यंत हात बुडवला तर आपलीच बोटं आपल्याला दिसत नाहीत. आणि त्या पाण्याकडे पाठ करून, शिकलेली, पेन्शन घेणारी, पेपर वाचणारी माणसं या निष्कर्षाला आली की मासे बाबाच्या तंगुसाचा रंग बघून पळाले.

टोपीवाल्यांनी व्हिडिओ बघितले होते. कुठल्यातरी निळ्याशार, काचेसारख्या पाण्याचे व्हिडिओ, ज्यात मासा गळापाशी येतो, थबकतो, वळतो. ते बघून त्यांनी सिद्धांत मांडला. बाबाने शेवटचा पारदर्शक तुकडा दाखवला. ते म्हणाले, "पण वरच्या भागाची सावली पडते ना!"

सावली. त्या पाण्यात.

मेसेज आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बाबाच्या मागून गेले. तो त्याच्या दगडावर नव्हता. नाल्याच्या तोंडापाशी, बांधापासून वेगळा, कठड्याला टेकून उभा होता आणि नारिंगी तंगूस फेसात सोडला होता. इतका वास होता की मला ओढणी नाकाला लावावी लागली. बांधावरून कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं. टोपीवाल्यांनी त्याच्या दगडावर आपला डबा ठेवला होता.

"इथे काय मिळणार तुला?" मी विचारलं.

"शिंगाळा मिळतो. त्याला घाण आवडते."

"तुझा दगड का सोडलास?"

"बहुमताने ठरलंय," तो म्हणाला. "आवडत नाही म्हणून बहुमत मोडायचं, मग मालकात आणि आपल्यात फरक काय?"

मला इतका राग आला की मी त्याला तिथेच सोडून बसस्टॉपवर आले. हे कसलं बहुमत? कोणी मत मागितलं होतं? बाबाला बोलायला दिलं होतं? एकाने लिहिलं आणि बाकीच्यांनी चहा पिता पिता अंगठा दाबला.

त्याच दिवशी मी पत्रक लिहायला घेतलं. दुसरं काही मला येतच नाही. मी लिहिलं की स्वच्छ पाण्यात, चांगल्या नजरेच्या माशासमोर, रंगाने थोडाफार फरक पडतही असेल, तिथे पारदर्शक जरूर लावा. पण गढूळ पाण्यात मासा वासावर आणि हालचालीवर येतो. लिहिलं की खोलात लाल आधी काळवंडतो आणि निळा शेवटपर्यंत टिकतो, म्हणजे माणसाला जे भडक दिसतं ते माशालाही भडक दिसेल हे धरून चालणं अडाणीपणाचं आहे. लिहिलं की मासे कुठे गेले हे विचारायचं असेल तर नाल्याकडे बघा, मशिनांकडे बघा, वॉर्ड ऑफिसात जा. एका शेजाऱ्याच्या दोरीकडे काय बघता? शेवटी लिहिलं की ज्याला तुम्ही हाकललंत त्याला नीट दिसत नाही, तेवढं तरी ध्यानात घ्या.

बाबाला वाचून दाखवलं. तो डोळे मिटून ऐकत होता, पूर्वी छापायला जायच्या आधी ऐकायचा तसा.

"शेवटचं काढ."

"का? तेच तर मुख्य आहे."

"काढ म्हणतो ना. डोळ्यांचं एक अक्षर नको. दया मागणारं पत्रक या घरातून निघालेलं नाही."

"ती दया नाही, बाबा, कारण आहे."

"कारण त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. आणि 'अडाणीपणा' पण काढ. शिव्या दिल्यास की माणूस शिवीच वाचतो, बाकीचं वाचत नाही."

डोळ्यांचं काढलं. अडाणीपणा ठेवला.

मी पत्रकं वाटली तेव्हा टोपीवाल्यांनी चष्मा लावून ते अख्खं वाचलं, हे मान्य करते. मग म्हणाले, "छान लिहितेस ग. कुठे छापत का नाहीस?"

"हेच छापलंय, काका. तुमच्यासाठी."

"बेटा, लिहिणं वेगळं, मासा वेगळा."

"मग करून बघू," मी म्हणाले. "एकाच ठिकाणी, एकच कोळंबी, एकसारखा गळ. एक तुमचा पारदर्शक. एक नारिंगी, तोही अगदी गळापर्यंत नारिंगी, मध्ये पारदर्शक तुकडा नाही. थोड्या वेळाने जागा बदलायच्या. काय येतं ते सगळे बघतील."

बाकीच्यांना मजा वाटली. तरुण इंजिनियर म्हणाला, "होऊन जाऊ दे." टोपीवाल्यांना नाही म्हणता येईना.

ती सकाळ मला नीट आठवते, कारण त्या मेसेजनंतर पहिल्यांदाच बाबा पुन्हा त्याच्या दगडावर होता. भरती चढत होती. बाबाच्या नारिंगीला आधी शिंगाळा लागला, मिश्या हलवणारा, चांगला दणकट. टोपीवाल्यांच्या पारदर्शकाला एक ढोमी लागली. जागा बदलल्या. नारिंगीला ढोमी. पारदर्शकाला बराच वेळ काही नाही, मग एक शिंगाळा. उन्हं वर येईपर्यंत हे असंच चाललं, आणि शेवटी दोन्ही बादल्या शेजारी ठेवल्या तेव्हा कोणती कोणाची हे परक्या माणसाला ओळखता आलं नसतं.

"झालं?" मी म्हणाले.

"शिंगाळ्याचं काय धरायचं!" इंजिनियर म्हणाला. "तो वासावर येतो. त्याला डोळे असून नसून सारखेच."

"बरं, ढोमी?"

"ढोमी लहान होती," टोपीवाले म्हणाले. "तिला अक्कल कुठली? जिताडा आला असता तर खरं कळलं असतं. जिताडा हुशार."

"जिताडा शेवटचा कधी आला होता इथे?"

इंजिनियर गळाला नवी कोळंबी लावू लागला.

"सांगा ना. कधी? नारिंगी तंगूस आला त्याच्या आधी की नंतर?"

"तसं नाही बेटा…"

"कसं मग? जो मासा येतो त्याला अक्कल नाही, आणि ज्याला अक्कल आहे तो येतच नाही. मग तुम्ही बाबाला हाकललंत ते कोणत्या माशासाठी?" माझा आवाज चढला होता. फिरायला आलेली माणसं वाळूवर थांबून बघू लागली होती. मी नाल्याकडे हात केला. "ते दिसत नाही तुम्हाला? रोज सकाळी त्याच्या शेजारी उभे राहता. त्याबद्दल एक मेसेज टाकलात ग्रुपवर? कोणाला विनंती केलीत? तिथे सहकार्य मागायची छाती होत नाही, म्हणून इथे एका म्हाताऱ्याच्या दोरीवर शूरपणा!"

"पोरी, पुरे," बाबा म्हणाला.

टोपीवाले काठी आवरत म्हणाले, "नियम नियम असतो. एकाला सूट दिली की उद्या दुसरा मागतो."

आणि बाबाने काय करावं? त्याने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी तो पारदर्शक तंगूस भरून निघाला.

आमचं दारातच भांडण झालं. आई मध्ये पडली नाही, ती फक्त त्याच्या डोळ्यांचे थेंब घेऊन उभी होती. मी म्हणाले, तू आयुष्यभर दुसऱ्यांना काय सांगितलंस ते आठव. तो म्हणाला, "मी हेच सांगितलं. ठरल्यानंतर सगळ्यांनी पाळायचं. चुकीचं ठरलं तर पुढच्या बैठकीत लढायचं, मध्येच पाय काढायचा नाही."

"पण दिसत नाही तुला तो!"

"बोटाने कळेल."

बोटाने थोडं कळतं. तंगूस बोटावरून सोडला की मासा टोचा मारतो ते जाणवतं. पण तंगूस कुठे गेलाय हे बोट सांगत नाही. मी बांधाच्या सुरुवातीला उभी राहून बघत होते. बाबाचा गळ, हे नंतर कळलं, प्रवाहाने उजवीकडे सरकत होता, इंजिनियरच्या पुढून, प्राध्यापकांच्या पुढून, थेट टोपीवाल्यांपर्यंत. नारिंगी असता तर सगळ्यांनी बघितला असता, बाबाने तर सगळ्यांत आधी. आता कोणालाच दिसला नाही. तेवढ्यात टोपीवाल्यांच्या काठीला जोराचा झटका बसला. ते "वर!" म्हणून ओरडले, सगळ्यांनी ओढलं, बाबानेही ओढलं, आणि पाण्यातून सगळ्यांच्या दोऱ्यांचा एक गोळा वर आला. मासा गेला. टोपीवाल्यांचं परदेशी शिशाचं वजन आणि गळ दगडांत अडकून तुटलं.

शिव्या सुरू झाल्या. "कोणाची लाइन? कोणाची लाइन आडवी आलीये?" प्रत्येक जण आपला तंगूस शोधत होता आणि सगळे एकसारखे होते. बाबा खाली वाकून दगडांवरून हात फिरवत होता. त्याचा स्वतःचा तंगूस त्याच्या चपलेला गुंडाळला होता आणि तो दुसरीकडेच चाचपत होता.

तेव्हा टोपीवाल्यांना कळलं. मी त्यांचा चेहरा बदलताना बघितला.

"तुम्हाला… दिसत नाही का हो?"

"दिसतं की," बाबा म्हणाला. "तुमची टोपी स्पष्ट दिसते."

कोणी हसलं नाही. इंजिनियरने येऊन बाबाच्या पायातला गुंता सोडवला. टोपीवाल्यांनी थर्मासमधला चहा दिला, बाबाच्या दगडावर पुन्हा ठेवलेला आपला डबा स्वतःहून उचलला आणि दंडाला धरून बाबाला तिथे बसवलं. बाबाने दंड सोडवून घेतला.

संध्याकाळी ग्रुपवर मेसेज आला. मीच वाचला.

"दृष्टीच्या कारणास्तव आपल्या एका ज्येष्ठ सभासदांना रंगीत तंगुसाची खास सवलत देण्यात येत आहे. सर्वांनी समजून घ्यावे. नियम इतरांना लागू राहील."

पुन्हा जोडलेले हात. या वेळी अंगठ्यांच्या जागी बदाम.

मी हा मेसेज वाचून जितकी संतापले तितकी पहिल्याने नव्हते. जी गोष्ट कालपर्यंत गुन्हा होती ती आज भीक झाली होती, आणि मासे पळतात हा खोटेपणा मात्र जसाच्या तसा शाबूत! म्हणजे बाबाने रोज तिथे उभं राहायचं, मासा आला नाही की सगळ्यांनी त्याच्या तंगुसाकडे बघायचं आणि मोठ्या मनाने गप्प बसायचं. मला वाटलं, बाबा हेही पाळेल. ठरलंय म्हणेल.

सकाळी तो मला घेऊन बसने निघाला. बांधावर पोचल्यावर आपल्या दगडावर गेला, काठी उघडली आणि नारिंगी तंगूस भरला. गळापर्यंत नारिंगी. तो दोन हातांचा पारदर्शक तुकडा त्याने लावलाच नाही. मग टोपीवाल्यांकडे वळला.

"सवलत परत घ्या."

"अहो, राहू द्या हो. आम्हाला माहीत नव्हतं. मनावर घेऊ नका."

"मनावर नाही घेतलं. मला सवलत नको. नियम चुकीचा आहे, तो काढा. नाही काढायचा तर नका काढू, पण मग मी सवलतीत उभा नाही. नियम मोडून उभा आहे. लिहा तसं ग्रुपवर."

"तुम्ही फार हट्टी आहात. मदत करायला गेलं तर…"

"मदत करायची तर चला वॉर्ड ऑफिसात. नाल्याबद्दल बोलू. येता?"

टोपीवाले पाण्याकडे बघू लागले. इंजिनियर काहीतरी पुटपुटला, ऑफिस आहे वगैरे. बाबाने गळ टाकला.

परत येताना मी त्याला विचारलं, "हे आधी का नाही केलंस? इतके दिवस नाल्यावर का उभा राहिलास?"

"आधी ते फक्त चुकत होते," तो म्हणाला. "आता माझ्याशी चांगलं वागायला लागले."

मला हे पटत नाही. चुकणाऱ्यांनाही पहिल्याच दिवशी सुनावायला हवं होतं, त्याच्या बहुमतासकट, असं मी त्याला सांगितलं आणि आमचं बस येईपर्यंत वाजलं. अजूनही वाजतं. नियम ग्रुपवरून कोणी काढलेला नाही. बाबाला दगडावरून उठवायचीही कोणाची हिंमत होत नाही. वॉर्ड ऑफिसात आम्ही दोघंच जाऊन आलो. तिथल्या माणसाने आम्हाला विचारलं की तुमच्याबरोबर अजून कोण कोण आहे. बाबाने माझ्याकडे बोट दाखवलं.